गाडी बसली म्हणाले होते

सासूबाई फोनवर एवढंच म्हणाल्या होत्या, "माझी गाडी बसलीये. सकाळी बघते तर पुढून पार जमिनीला टेकलीये."

पलीकडे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधलं कुणीतरी पोरगं होतं. त्याला "गाडी बसलीये" ऐकू आलं आणि पुढचं ऐकायची गरजच वाटली नाही. गाडी बसली म्हणजे इंजिन बसलं. इंजिन बसलं म्हणजे ऑइल संपलं तरी कुणीतरी गाडी हाणत राहिलं. त्याने कॉम्प्युटरमध्ये तसंच ठोकून दिलं. मग ज्याच्या नावावर गाडी, त्याला फोन. म्हणजे सासूबाईंच्या मुलाला. इंजिन जाम झालंय, चालवणाऱ्याची चूक आहे, खर्च करण्यात अर्थ नाही.

मुलगा दुसऱ्या शहरात मोठ्या हुद्द्यावर. बहीण त्याला साहेब म्हणते, तोंडावर नाही. साहेबांनी आईला फोन केला नाही. फॅमिली ग्रुपवर मेसेज टाकला. "आईने इंजिन बसवलं. मी म्हणतच होतो. आता ड्रायव्हिंग पुरे. रविवारी येतोय, गाडी घेणारा माणूस बरोबर आणतो. आई, चावी काढून ठेव."

खाली धडाधड अंगठे. काका, आत्या, चुलतभाऊ, आणि जिने आयुष्यात सायकलही चालवली नाही ती मामी.

हे वाचून ज्याने दातओठ खाल्ले तो जावई. दातओठ खाणं त्याला शोभतंही म्हणा, कारण कवळ्या बनवणं हाच त्याचा धंदा. घराच्या मागच्या खोलीत टेबल, छोटी मोटर, घासायची चाकं, आणि फळीवर ओळीने हसत बसलेले प्लॅस्टरचे जबडे. डॉक्टर माप पाठवतात, हा कवळी करून पाठवतो. स्वभावाने गरीब, पण अन्याय दिसला की याच्या डोक्यात तिडीक जाते आणि मग दिवसभर उतरत नाही.

"वाचलंस का?" त्याने बायकोला विचारलं.

"वाचलं. दादा आहे तो. त्याला सगळं आधीच माहीत असतं."

"आईंनी इंजिन बसवलं? आईंनी?"

या प्रश्नाला कारण होतं. सासूबाईंनी उमेदीची सगळी वर्षं शाळेची व्हॅन चालवली. आख्ख्या कॉलनीची पोरं नेली आणि आणली. रोज सकाळी पहिलं काम काय, तर बॉनेट उघडून ऑइलची कांडी पुसायची, बुडवायची, बघायची. घरात गॅस उघडा राहील एखाद वेळ, पण कांडी बघितल्याशिवाय व्हॅन हलली नाही. त्या बाईने ऑइल न बघता इंजिन जाळलं म्हणणं म्हणजे जावयाला "तू कवळीत दात उलटे लावतोस" म्हणण्यासारखं होतं.

दोघं संध्याकाळी सासूबाईंकडे गेले. गाडी पोर्चमध्ये होती. मोठी, उंच, काळी. साहेबांनी नवीन घेतली तेव्हा ही जुनी आईला दिली, नाव बदलायचं राहूनच गेलं. आता तिने नाक जमिनीला लावलं होतं. पुढची चाकं मडगार्डमध्ये घुसलेली, मागचा भाग वर.

ही गाडी स्प्रिंगांवर उभी नसते, हवेच्या फुग्यांवर असते. चार चाकांना चार रबरी फुगे, आणि त्यांच्यात हवा भरायला एक छोटा कॉम्प्रेसर. बटण दाबलं की गाडी खाली होते, परत दाबलं की वर. सासूबाईंचा खुबा बदलल्यापासून त्यांना उंच गाडीत पाय टाकता येत नाही आणि बुटक्या गाडीत वाकता येत नाही. ही एकच गाडी अशी की जी त्यांच्यासाठी खाली येते, त्यांना घेते आणि मग उठते. ती गेली की सासूबाई कायमच्या मागच्या सीटवर. कुणी नेलं तर नेलं.

सासूबाई पोर्चच्या पायरीवर खुर्ची टाकून बसल्या होत्या. हातात किल्ली. मूठ घट्ट.

"या जावईबापू. बघा तुमच्या सासूने काय दिवे लावलेत ते."

"आई, असं का बोलताय?"

"मग काय बोलू? मी गाडी बसली म्हणाले होते. इंजिनाचं नाव तरी काढलं का मी? गाडी बसली. ही बघा, बसलीये. कुणालाही दिसेल. पण बघायला कोण आलंय?"

"दादाला सांगितलंस का?" बायकोने विचारलं.

"सांगितलं. तो म्हणतो, आई, तुला कळत नाहीये, त्यांच्या सिस्टीममध्ये आलंय."

"मग इंजिन चालू करून फोनवर आवाज ऐकव ना त्याला."

सासूबाईंनी लेकीकडे असं बघितलं की जावयानेच मान खाली घातली.

"मी पुरावा देऊ? माझ्या पोटच्या पोराला? त्याला शाळेत मीच नेऊन सोडायचे, त्याच व्हॅनमधून. आणि चालू करते म्हटलं तर म्हणाला, हात लावू नकोस, अजून बिघडवशील." त्यांनी किल्ली पदराखाली घेतली. "मी नाही ऐकवणार. येईल तेव्हा बघेल."

येईल तेव्हा तो घेणाऱ्याला घेऊन येईल, हे कुणी बोललं नाही.

जावई दुसऱ्याच दिवशी सर्व्हिस सेंटरला गेला. काचेचा हॉल, एसी इतका की थंडी वाजावी, कोपऱ्यात कॉफीचं मशीन. काउंटरवरचा माणूस नम्र होता. नम्रपणाचाच पगार घेत असावा.

"सर, तक्रार इंजिन सीझची आहे."

"तक्रार चुकीची लिहिलीये. पुढून गाडी बसलीये. हवा भरत नाही."

"सर, एकदा तक्रार टाकली की ती बदलत नाही. गाडी इथे आणून आधी इंजिन खोलावं लागेल."

"जे बिघडलंच नाही ते खोलणार?"

"प्रोसेस आहे सर." मग त्याने आवाज खाली आणला, उपकार केल्यासारखा. "आणि समजा एअरचाच प्रॉब्लेम असला तरी कॉम्प्रेसर पूर्ण नवा टाकावा लागतो. रिपेअर होत नाही. सीलबंद येतो."

"सीलबंद म्हणजे? आत स्क्रू नाहीत?"

"आम्ही उघडत नाही सर."

"उघडत नाही की उघडता येत नाही?"

तो हसला. "गाडी चालवतं कोण, सर?"

"माझ्या सासूबाई."

"अच्छा," तो म्हणाला. नुसतं अच्छा. पण त्या अच्छामध्ये वय होतं, बाई होती, आणि आता समजलं सगळं, असं होतं. जावयाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने कॉफीचा भरलेला कप तसाच काउंटरवर ठेवला आणि बाहेर आला. बाहेर येऊन त्याला सुचलेली उत्तरं इतकी जबरदस्त होती की अर्ध्या रस्त्यात तो एकटाच बोलत होता.

घरी आल्यावर व्हिडिओ बघायला बसला. कुणीतरी आपल्या गॅरेजमध्ये तोच कॉम्प्रेसर खोलून दाखवत होता. आत काय, तर एक छोटा पिस्टन, त्याच्याभोवती दुधी रंगाची एक रिंग, बोटात घालायच्या अंगठीएवढी. ती झिजली की हवा दाबली जात नाही. कॉम्प्रेसर बिचारा घरघर करत राहतो, तापतो, गाडी काही उठत नाही. बस. एवढं.

"एवढं?" तो बायकोला म्हणाला. "या एवढ्याशा रिंगेसाठी आख्खा कॉम्प्रेसर फेकायचा, आणि कॉम्प्रेसरसाठी आख्खी गाडी, आणि गाडीसाठी तुझ्या आईचं..."

"मला कशाला ओरडतोस? खोल ना मग."

त्याने दुरुस्तीचं किट मागवलं. त्यात एका रिंगेऐवजी दोन रिंगा होत्या. दुसरी कशाला, हे त्याला तेव्हा कळलं नाही.

पहिली अडचण अशी की गाडी इतकी खाली होती की तिच्याखाली जॅकच जाईना. पुढची चाकं आधी फळ्यांवर चढवायला हवी होती. बसलेली गाडी, चाकं मडगार्डला घासतायत, आणि फळी जेमतेम टायरच्या रुंदीची. जावई गाडीत बसायला निघाला.

"तुम्ही बाजूला व्हा," सासूबाई म्हणाल्या.

"आई, मी करतो ना."

"तुम्ही गाडी फाटकातून काढताना आरसे मिटता, जावईबापू. बघितलंय मी. फळ्या धरा."

बसलेल्या गाडीत बसायला त्यांना अजिबात त्रास झाला नाही, तेवढीच काय ती सोय. त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन एका दमात चालू झालं, गुर्रर्र, मांजरासारखं. जावई आणि बायको एकमेकांकडे बघतच राहिले. इंजिन बसलं म्हणे. सगळ्या गोतावळ्याने अंगठे दिले होते आणि किल्ली फिरवून बघायचं एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

गाडी गोगलगायीसारखी पुढे आली. फळीवर चढली, जिथे हवी होती तिथेच थांबली. सासूबाईंनी आरशात बघत केस सारखे केले.

बॅटरीची तार काढली. खाली एक फळी टाकून तिच्यावर जॅक लावला. जावयाने हँडल मारायला सुरुवात केली तसं सासूबाईंनी काठीने डिकीकडे खूण केली.

"स्टेपनी काढा. आडवी टाका खाली."

"गाडी टेकवायला स्टँड लावतोच आहे की."

"लावेपर्यंत टाका. आमच्या व्हॅनचा नियम होता."

त्याला जरा राग आला. व्हिडिओत असलं काही नव्हतं. पण स्टेपनी काढली आणि आडवी सरकवली. जॅक चढला, गाडी वर आली, चाक सुटलं. चाकामागचं प्लॅस्टिकचं झाकण काढायचं होतं. एक बोल्ट हातातून निसटला आणि घरंगळत आत गेला. जावई सहज, अगदी आपण खाटेखाली चप्पल शोधतो तसा, पोटावर पडून हात आत घालायला गेला. स्टँड अजून बाजूलाच पडला होता.

जॅकखालची फळी करकरली.

"अरे ए, हात काढ. काढ म्हणते ना मूर्खा."

त्याने हात काढला. जॅक कलला आणि गाडी धप्पकन स्टेपनीवर येऊन टेकली. धूळ उडाली. बायको दारातून धावत आली. गाडी आणि जमीन यांच्यात आता स्टेपनीच्या जाडीएवढीच जागा होती. स्टेपनी नसती आणि हात आत राहिला असता, तर कवळ्या बनवायला तो परत मिळाला असता का, हे सांगता येत नाही.

मग सासूबाईंच्या लक्षात आलं.

"माफ करा हं. तोंडातून गेलं."

"काही नाही आई."

"जावयाला मूर्ख म्हणाले. लोक काय म्हणतील."

"म्हणू दे."

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, या घरात त्याला कधी कुणी "अरे" म्हटलं नव्हतं. या, बसा, घ्या. खुर्ची पुसून देतात, पाण्याचा ग्लास ताटलीत ठेवून आणतात. कायमचा पाहुणा. आज पहिल्यांदा शिवी मिळाली आणि गंमत म्हणजे त्याला बरं वाटलं. पण हे बोलायचं कसं. सासूबाई लगेच "अहो, आता तरी स्टँड लावा" वर आल्या. त्याने फळी नीट केली, जॅक पुन्हा चढवला, दोन्ही बाजूंना स्टँड लावले, गाडी हलवून बघितली आणि मगच पुढे गेला.

कॉम्प्रेसर तीन बोल्टवर लटकला होता. हवेची नळी हळूच सैल केली, उरलीसुरली हवा फुस्स करून गेली. प्लग काढला, बोल्ट काढले, आणि तो सीलबंद, कुणी न उघडायचा, पवित्र कॉम्प्रेसर हातात आला. चिखलाने माखलेला, पाण्याच्या तांब्याएवढा.

मागच्या खोलीत, प्लॅस्टरच्या जबड्यांच्या समोर, त्याने तो खोलला. चार स्क्रू होते. तीन आले. चौथा गंजून एकजीव झाला होता. त्याने मोटरला बारीक चाक लावलं, स्क्रूच्या डोक्यात एक खाच पाडली आणि मोठ्या पेचकसाने फिरवला. आला.

"हे बघ," तो बायकोला म्हणाला, "रिपेअर होत नाही म्हणे."

आत काळी पूड. जुनी रिंग इतकी झिजली होती की नखाने वाकत होती. शेजारच्या नळीत हवा कोरडी करायचे दाणे होते, त्यांचा चिकट लगदा झाला होता. तो लगदा त्याने चहाच्या गाळणीतून ओतला आणि त्यावरून घरात वेगळंच महाभारत झालं, ते इथे नको. नवे दाणे भरले. पिस्टन ज्यात सरकतो तो सिलिंडर आतून बारीक पॉलिश पेपरने पुसून गुळगुळीत केला. आता फक्त नवी रिंग घालायची.

नवी रिंग सिलिंडरमध्ये जाईना.

पिस्टनवर चढली, पण सिलिंडरच्या तोंडाशी अडली. जरा मोठी होती. आता इथे त्याच्या हाताने धंद्याची सवय दाखवली. कवळी टोचते म्हणून पेशंट आला की काय करायचं? जिथे टोचते तिथे घासायचं. थोडी घासा, लावून बघा, अजून थोडी घासा. मऊ बसली की झालं. त्याने रिंग तशीच घासली. अलगद, डोळ्याला भिंग लावून, जीव ओतून. शेवटी रिंग सिलिंडरमध्ये अशी गेली की जणू तिथेच जन्मली होती.

शनिवारी सकाळी कॉम्प्रेसर गाडीला चढवला. बॅटरी जोडली, चाक लावलं, स्टँड काढून गाडी खाली घेतली. सासूबाईंनी इंजिन चालू केलं, बटण दाबलं. कॉम्प्रेसर घरघरला. घरघरला, घरघरला आणि तापून आपोआप बंद पडला.

गाडी इंचभरही उठली नाही.

जावई तिथेच फळीवर बसला. उद्या रविवार. साहेब येणार, सोबत माणूस येणार, आणि आता साहेबांच्या हातात आणखी एक गोष्ट असणार: तुझ्या नवऱ्याने उरलीसुरली वाट लावली. त्याला त्या काउंटरवाल्याचा अच्छा आठवला.

"काय केलंत नक्की?" सासूबाईंनी विचारलं. "सगळं सांगा, पहिल्यापासून."

त्याने सांगितलं. रिंगेपर्यंत आला. "जरा घट्ट होती, म्हणून घासून बसवली."

"घासून?"

"मोठी होती आई. जातच नव्हती."

"नवी चप्पल चावते म्हणून तुम्ही कापता का ती?"

त्याने हातातला पाना खाली ठेवला.

"ती घट्टच असायला पाहिजे ना. तिनेच तर हवा अडवायची. कवळीला दाबायचं नसतं हो, हिला दाबायचंच असतं." त्या काठी टेकत उभ्या राहिल्या. "दुसरी आहे ना किटमध्ये? ती आणा. आणि ती कानस घरी ठेवून या."

आता त्याला कळलं किटवाल्याने दुसरी रिंग का दिली होती. जगभरचे शहाणे पहिली रिंग घासत असणार.

गाडी परत स्टँडवर घेऊन कॉम्प्रेसर उतरवला. या वेळी पायरीवरच फडकं अंथरून खोलला. दुसरी रिंग गरम पाण्यात टाकली, मऊ झाली. पिस्टनवर चढवली. मग दाबायची कशी? सासूबाईंनी बागेच्या नळीचा पत्र्याचा क्लॅम्प काढून दिला. तो रिंगेभोवती आवळला, रिंग आत दबली, आणि सिलिंडर वरून हळूहळू सरकवला तसा क्लॅम्प आपोआप मागे आला. टक्. आवाज एवढासाच झाला.

"बसली?" सासूबाईंनी विचारलं.

"बसली."

"हात लावू नका आता. तासभर राहू दे, आकार धरेल."

मधल्या वेळात जावयाने साबणाचं पाणी केलं, कारण रिंग झिजली तरी का, हा प्रश्न उरलाच होता. डाव्या फुग्याच्या नळीच्या जोडावर पाणी टाकलं, फुग्यांसाठी हवा साठवणाऱ्या छोट्या टाकीतली राहिलेली हवा नळीत सोडून बघितली तर तिथे बारीक बुडबुडे. हवा तिथून गळत होती आणि ती भरून काढता काढता कॉम्प्रेसर मेला होता. किटमधलं एक छोटं रबराचं कडं तिथे बसलं, बुडबुडे थांबले.

"म्हणजे गळत होतं एकीकडे," बायको म्हणाली, "आणि जळलं दुसरंच."

"आणि नाव माझं," सासूबाई म्हणाल्या.

तिन्हीसांजेला सगळं चढवून झालं. स्टँड काढले, गाडी फळ्यांवरून उतरवली. सासूबाईंनी बटण दाबलं. कॉम्प्रेसरचा आवाज आला, पण आता तो घरघर नव्हता, दाब घेतल्यासारखा भरीव. गाडीचं नाक कुरकुरलं. चाकांच्या वर बोटभर अंधार दिसायला लागला, मग वितभर. गाडी उठली. जावई दोन्ही हात कमरेवर ठेवून बघत होता, मग तो उगाच फळ्या उचलायला लागला.

रविवारी साहेब आले. इस्त्रीचा शर्ट, हातात दुसरी किल्ली. मागून एक टेम्पो, टेम्पोत गाड्या तोडून विकणारा माणूस, चेहऱ्याने भला वाटणारा. सासूबाई तयार होऊन खुर्चीवर बसल्या होत्या. पायात बूट.

"आई, चावी दे," साहेब म्हणाले. आत यायच्या आधी. मग गाडीकडे लक्ष गेलं. "ही उभी कशी?"

"का? तुझ्या सिस्टीममध्ये आडवी आहे का?"

"तसं नाही. पण इंजिन..."

तोडणारा माणूस तोवर गाडीभोवती एक चक्कर मारून आला होता. त्याने सासूबाईंकडे बघितलं. "चालू करता का ताई?"

"बघ," सासूबाई मुलाला म्हणाल्या, "हे गृहस्थ भंगार न्यायला आलेत आणि हे पहिल्यांदा विचारतायत. तू विचारलंस?"

त्या उठल्या. कुणाचा हात घेतला नाही. दाराशी जाऊन बटण दाबलं, तशी गाडी सुस्कारा टाकून अलगद खाली आली, सीट बरोबर त्यांच्या खुब्याच्या उंचीला. सासूबाई वळून मुलाकडे बघत म्हणाल्या, "याला म्हणतात गाडी बसली. नीट बघून घे. मी फोनवर हेच म्हणाले होते." मग आत बसल्या, किल्ली फिरवली. इंजिन चालू झालं. गाडी उठली.

तोडणारा माणूस टेम्पोकडे निघालाच. "साहेब, ही तोडायची गाडी नाही," म्हणाला, "मला कशाला बोलावलं?"

साहेबांचा चेहरा पडला. तरी पाय रोवून उभे होते. "मला काळजी वाटते आई. कंपनीवाल्यांनी सांगितलं म्हणून मी... तू मला नीट सांगायचं ना."

"सांगितलं होतं. तुला तुझंच ऐकू आलं."

"पण वयाचाही विचार करावा लागतो. निदान डोळे तरी तपासून घे एकदा."

"डोळे तपासलेत. तू कान तपास."

बायको फसकन हसली आणि लगेच तोंडावर हात ठेवला. साहेबांनी जावयाच्या काळ्या नखांकडे बघितलं, फळ्यांकडे, पायरीवरच्या झिजलेल्या रिंगेकडे. मग हातातली दुसरी किल्ली खिडकीतून आत, डॅशबोर्डवर ठेवली. माफी मागितली नाही. त्या घराण्यात साहेबांनी माफी मागितल्याचं कुणाला आठवत नाही. पण गाडीच्या नावाचं काय ते उद्याच करतो, एवढं खालच्या आवाजात म्हणाले.

"उद्या नको, परवा कर. उद्या मी बाहेर जाणारे," सासूबाई म्हणाल्या. "चला, एक चक्कर मारू. आवाज ऐकायचाय मला रस्त्यावर."

साहेब सवयीने पुढच्या दाराकडे गेले. सासूबाईंनी काच खाली केली.

"आपण मागे बसा हं साहेब," त्या अगदी आदराने म्हणाल्या. मग मान वळवून जावयाला म्हणाल्या, "आणि तू काय बघत उभा राहिलास? पुढे बस. आणि मला आरसे मिटायला सांगशील तर उतरवून देईन."

जावई पुढे बसला. गाडी फाटकातून निघाली. आरसे उघडे होते. दोन्ही बाजूंना चार बोटं जागा होती.